कासमचाचांची पन्नास माणसं

बाचा मिस्ड कॉल एकदा आला तर घरी सगळं ठीक, दोनदा आला तर मी उलट फोन करायचा, असं आमचं ठरलेलं. तीनदा आला तर काय, हे कधी ठरवलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी, इथं मस्कतला आमच्या हॉटेलच्या मोठ्या हॉलात मी एका लग्नासाठी खुर्च्या मांडत होतो आणि खिशातला फोन तीनदा थरथरून गप्प झाला. मी लगेच फोन केला नाही. रांगेतल्या उरलेल्या खुर्च्या मांडल्या, त्यांची कव्हरं ओढून सारखी केली, मग पुन्हा पहिल्या खुर्चीपासून ओढत आलो. जोवर विचारत नाही तोवर काही झालेलं नाही… लहानपणापासून मला असंच वाटत आलंय, आणि त्यानं माझं कधी भलं झालेलं नाही. शेवटी जिन्याखाली जाऊन नंबर लावला. बा म्हणाला, "कासमचाचा गेले रे. काल दुपारी, दुकानातच. आज सकाळी माती दिली. मी जाऊन आलो." मी काहीतरी बोललो असेन. मग बा म्हणाला, "आपल्या वाडीची पण दोन-चार जणं होती. पन्नासवाला चाचा गेला म्हणून हळहळत होती."

बा सहज बोलला. पण ते 'पन्नासवाला' माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. ते नाव चाचांचं नव्हतंच. ती माझी थाप होती. चाचांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि मरेपर्यंत वागवली, आणि मी समुद्रापलीकडे बसून वागवू दिली. तेव्हापासून कामात लक्ष नाही, हातातलं ताट कुठं ठेवलं ते आठवत नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिण्याची सवय नाही. काही मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

महाडच्या बाजारात कासमचाचांचं टेप, रेडिओ, टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी ते कुवेतला होते. तिथं लढाई झाली तेव्हा एका बॅगेनिशी परत आले, आणि त्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड सोडले तर बाकी सगळी जागा एका कीबोर्डनं खाल्लेली होती. झुबेदाचाची आल्यागेल्याला सांगायच्या, "लोकं तिकडून सोनं घेऊन आली, आमचे हे बाजा घेऊन आले." चाचा डोकं वर न करता म्हणायचे, "अगो, सोनं वाजतं काय?" पुढं महाडात कॉम्प्युटर आले तसा त्यांनीही एक जोडून घेतला आणि घराच्या मागच्या खोलीत बसवला. त्या कॉम्प्युटरात व्हायोलिनी होत्या, बासऱ्या होत्या, पितळेची फुंकायची वाद्यं होती, नगारे होते. परदेशात कुठंतरी खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेतलेला, हळू, मध्यम, जोरात, आणि ते सगळे सूर सीडींमध्ये भरलेले. कीबोर्डची पट्टी दाबली की त्या कुणा लांबच्या माणसाचा तेवढाच सूर वाजायचा. चाचा म्हणायचे, "माणसं विलायतेत राहिली, त्यांचे सूर तेवढे माझ्याकडं नोकरीला आलेत."

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरून डोंगरात आत. घरी म्हशी, थोडी नाचणी. मी महाडच्या एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराकडं लागलो होतो आणि बिरवाडीत चौघांत एक खोली घेतली होती. वाडीच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर बिघडला म्हणून मी तो चाचांच्या दुकानात नेला, तर दुकानाला कुलूप. शेजारच्यानं घर दाखवलं. दारात पोचलो तर आतून व्हायोलिनींचा आवाज. एक-दोन नाही, पंधरा-वीस तरी. मी चपला काढून तिथंच उभा राहिलो, मध्येच कसं जायचं म्हणून. आवाज थांबला, चाचा पाणी प्यायला बाहेर आले, आणि मी विचारलं, "आत किती माणसं हायत?" त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. "ये, मोज." आत एक कॉम्प्युटर, एक टेबलफॅन, एक लोखंडी पलंग. मी खरंच पलंगाखाली वाकून पाहिलं. चाचींना हसू आवरेना. नंतर मी कितीदाही गेलो तरी त्या म्हणायच्या, "आला बघा पलंगाखाली बघणारा."

भजनात मी पेटी वाजवायचो, तेवढ्या जोरावर चाचांनी मला कीबोर्डला बसवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवस माझे मोकळे असायचे, ते सगळे त्या खोलीत गेले. त्या कॉम्प्युटरचा जीव लहान. सगळी वाद्यं एकदम घेतली की तो जागच्या जागी गोठायचा. म्हणून चाचांची पद्धत पंगतीची होती. आधी पहिल्या व्हायोलिनी बसवायच्या, त्यांचं सगळं गाणं वाजवून रेकॉर्ड करून ठेवायचं, मग त्यांना उठवायचं, जागा मोकळी करायची आणि दुसऱ्यांना बसवायचं. मग खर्जातल्या, मग बासऱ्या. "पंगत उठली," असंच ते म्हणायचे. वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्याआधी किती पंगती उठतील त्यावर दिवसाचं काम. डाव्या हाताला एक चाक असायचं, ते पुढं सरकवलं की सूर फुगायचा. ते मला जमेना. मी एकदम ढकलायचो. चाचा म्हणाले, "घरी म्हशी हायत ना? चुलीवरच्या दुधाकडं बघत बसलायस कधी? तसं फुगू दे. वर आलं की उतरव." मग जमलं.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्या व्हायोलिनींचं काम पुष्कळदा पहिल्यांसारखंच असतं. कुणीही पहिली ओळ उचलून खाली चिकटवली असती. चाचा तसं करत नसत, कारण मग दोन्ही मिळून एकच जाड, प्लास्टिकचा आवाज होतो. "एकाच माणसाला दोन शर्ट घातले म्हणून दोन माणसं होतात काय?" त्यामुळं ते दुसरी ओळ पुन्हा हातानं वाजवायचे. पण त्यांचा हात इतका पक्का की दुसऱ्यांदाही अगदी तसंच वाजायचं. वैतागून एके दुपारी त्यांनी मला बसवलं. माझी बोटं थरथरत होती. प्रत्येक सुरावर मी केसाएवढा उशिरा. संपल्यावर म्हणालो, "चुकलं चाचा, परत घेतो." तर ओरडलेच, "हात लावू नको! हेच पायजे." त्यांनी दोन्ही ओळी एकत्र लावल्या. आणि मला ऐकू आलं… मागच्या रांगेत कुणीतरी जिवंत माणूस बसलाय आणि पुढच्याचा गज बघून वाजवतोय. शाळेत मला उत्तर येत असायचं, पण हात वर करेपर्यंत दुसऱ्यानं सांगितलेलं असायचं. मास्तर म्हणायचे, हा कायम उशिरा. तोच उशीर इथं कुणालातरी हवा होता. त्या दिवसापासून चाचांच्या सगळ्या कामातल्या दुसऱ्या ओळी माझ्या झाल्या.

वाडीच्या देवीचं देऊळ नवं बांधून झालं, तेव्हा मुंबईकर मंडळानं देवीच्या गाण्याची सीडी काढायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष धोंडूअण्णा, गोदीतून निवृत्त होऊन वाडीत येऊन राहिलेले. देवळाच्या अंगणात बैठक बसली. मी चाचांच्या कामाची कॅसेट लावली. वाडीत असा आवाज कधी घुमलाच नव्हता. अण्णांनी विचारलं, "किती माणसं वाजवतात?" मी सांगणारच होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात माझा चुलत भाऊ पाठीमागून म्हणाला, "हा आठवीतला म्होरक्या! दोन डबडी नि एक पेटी असंल, दुसरं काय." सगळे हसले. बानं मान खाली घातली. आणि माझ्या तोंडून गेलं, "पन्नास माणसं हायत. कोट घालून बसतात."

कोट कुठून आले, मला अजून कळलेलं नाही. पण बानं मान वर केली. आणि अण्णा उठले ते तडक गाभाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं, की आई, तुझ्या गाण्याला पन्नास माणसं वाजवतील, गोड मानून घे. बाकीचे 'होय महाराजा' म्हणाले. मीही म्हणालो. आमच्याकडं गाऱ्हाण्यात गेलेला शब्द म्हणजे गेला. तो खोटा निघाला तर ज्या घरातून निघाला त्या घराचा मान काढून घेतात. लहानपणी मी एका घराचा मान गेलेला पाहिला होता. त्या घरातला म्हातारा पुढं प्रत्येक जत्रेला अंगणाच्या कडेला हात बांधून उभा असायचा. आमच्या घराकडं पालखीचा पुढचा उजवा खांदा आहे. बाच्याकडं तेवढी एकच गोष्ट होती जिच्यासाठी तो वर्षातून एकदा नवं धोतर नेसायचा.

पुढचं सगळं मी पुढं ढकलत गेलो. बायकांचं गाणं देवळातच रेकॉर्ड केलं, ते यंत्र घेऊन मी एकटाच वर गेलो, चाचांना येऊ दिलं नाही. मग अण्णांचा निरोप आला की वादकांची नावं पाठव. देवीसाठी जो वाजवतो त्याचं नाव पुकारून त्याला नारळ आणि टोपी द्यायची, ही आमची रीत. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून पन्नास नावं लिहिली. खोलीतले भाडेकरू, मुकादम, कँटीनचा आचारी, सगळ्यांची नावं-आडनावं फिरवून फिरवून व्हायोलिन, बासरी, नगारा असं वाटून टाकलं. यादी सुरेख झाली. सांगायला लाज वाटते, पण लिहिताना मजाही आली. वाटलं, टोप्या-नारळ कुणाबरोबर तरी खाली पाठवतील, मी बिरवाडीत वाटून टाकीन, आणि संपलं.

एका मंगळवारी सकाळी मी चाचांच्या मागच्या खोलीत होतो, काम संपत आलेलं. बाहेर जीप थांबली. धोंडूअण्णा स्वतः, मंडळाचे दोघं, आणि बा. नारळांच्या गोणी. टोप्यांचा गठ्ठा. चाचा लुंगीवर, हातात चहाचा कप. अण्णांनी चपला काढल्या, खोलीत आले आणि चारी कोपऱ्यांकडं बघितलं.

"माणसं कुठायत?"

"कुठली माणसं, अण्णा?"

"वाजवणारी." अण्णांनी कागद काढला, चष्मा चढवला आणि शाळेतल्या हजेरीसारखं वाचलं, "सदाशिव गोविंद. पैलं व्हायोलिन."

टेबलफॅन फिरत होता.

"सदाशिव गोविंद हाजर नाय?"

स्वयंपाकघरातून चाची म्हणाल्या, "अहो, कोण सदाशिव? च्या कितीजणांचा ठेवू ते सांगा आधी!"

चाचांनी अण्णांच्या हातातून कागद घेतला. अक्षर त्यांच्या ओळखीचं. त्यांच्या सगळ्या सीडींवर नावं मीच लिहायचो. त्यांनी पुढून वाचला, मागून वाचला. मी कीबोर्डला धरून उभा. दारात बा. खांद्यावरची गोणी त्यानं खाली ठेवली नव्हती, ठेवायची विसरला होता. आमच्या खांद्याच्या मानाची गोष्ट मी चाचांना पूर्वी कधीतरी मोठ्या तोऱ्यात सांगितलेली होती. चाचांनी कागदाकडं बघितलं, बाच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अण्णा, माणसं नायत," ते म्हणाले. "एक कॉम्प्युटर हाय, मी हाय नि हा एकनाथ हाय. पन्नास मी म्हणालो होतो. पोराला मीच सांगितलं तसं सांगायला. कागद पण मीच लिहून घेतला."

अण्णा पलंगावर बसले. टोप्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "चाचा, देवीसमोर शब्द गेलाय."

"मागं कसा घ्यायचा ते सांगा."

"ज्यानं दिला त्यानं वर यायचं. देवीसमोर उभं राहून बोलायचं."

"येतो. पण आलायसा तर काम ऐकून जा." आणि चाचांनी एकेक ओळ सुटी करून ऐकवली, बाकी सगळ्या बंद ठेवून. ही पहिली व्हायोलिन, ही दुसरी, ही बासरी. बावीस ओळी. प्रत्येकीला वेगळं बसून वाजवलेलं. मध्ये वीज गेली, ती येईपर्यंत अण्णा तसेच बसून राहिले. शेवटी उठले आणि म्हणाले, "काम खरं हाय. बोलणं खोटं." दोन टोप्या काढून पलंगावर ठेवल्या, दोन नारळ ठेवले, बाकीचं सगळं पुन्हा जीपमध्ये गेलं. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी चाचा वर आले. गाडीरस्ता संपल्यावर आमच्या वाडीपर्यंत पाऊण तासाची चढण आहे. चाचांचा दम कमी, दर वळणावर दगडावर बसायचे. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. "चाचा, मी…" ते हात वर करायचे. "चढताना बोलू नये. दम लागतो." अंगणात सगळी वाडी जमलेली. चाचांनी डोक्याला रुमाल बांधला, पायरीखाली उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "आई, पन्नास म्हटलं, दोनच माणसं होती. चूक माझी हाय." एवढंच. आत जायला, बसायला कुणी म्हटलं नाही. मी गर्दीत बाच्या शेजारी होतो. चाचा बोलून थांबले तेव्हा बानं छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला. त्या श्वासानं माझं तोंड बंद केलं. ते पाच वर्षांसाठी.

उतरताना मी विचारलं, का घेतलंत अंगावर? ते वाटेतल्या करवंदीच्या जाळीत बघत होते, पिकलेलं काही मिळतंय का. "तुझी बोटं थरथरतात म्हणून आपली दुसरी ओळ जिवंत हाय," ते म्हणाले. "आता जीभ थरथरली तर मी रागावू कसा? सांगशील कधीतरी. तू उशिराच येतोस." आणि ओंजळभर करवंदं माझ्या हातात ओतली.

सीडी निघाली. देवळात गुरव रोज दिवेलागणीला ती लावू लागला. आणि चाचांना नाव पडलं, पन्नासवाला. बाजाराच्या दिवशी आमच्याकडची माणसं दुकानात येऊन विचारायची, "पार्ट नवा घातला ना चाचा, का पन्नासातला?" चाचा हसून म्हणायचे, "पन्नासावा हाय, जपून ने." मी तिथंच कुठल्यातरी रेडिओत डोकं घालून बसलेला असायचो. पुढं काही जण यायचेच बंद झाले. देवीला फसवणाऱ्याकडं कशाला जायचं, असं कशेडीच्या अलीकडच्या गावांपर्यंत गेलं होतं, हे मला चाचींनी सांगितलं. चाचांनी कधी सांगितलं नाही. वर्षभरानं कुवेतच्या दिवसांतल्या एका मित्राला सांगून त्यांनीच मला इथं मस्कतला कामाला लावलं. विमानात बसलो तेव्हा मनाशी म्हटलं, तिथून फोनवर सांगता येईल, लांबून सोपं जाईल. लांबून आणखी अवघड गेलं. दरवर्षी बाच्या खांद्यावर पालखी आली की मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

फोनवर मात्र आमचं जुळलेलं होतं. चाचांनी माझ्या यादीतली नावं ठेवूनच दिली होती. कॉम्प्युटरातल्या ओळींना त्यांनी तीच नावं दिली. "तुझा सदाशिव आज फार फुगलाय," म्हणायचे, "आणि त्या आचाऱ्याला नगारा कुणी दिला रे?" एकदा आमच्या हॉटेलात परदेशातून खरोखरीचा वाद्यवृंद आला. त्यांच्या खुर्च्या मी मांडल्या. दुपारी सराव सुरू झाला तेव्हा मी खांबाआड उभा राहून चाचांना फोन लावला आणि काही न बोलता हात उंच धरला. चाचांनी आयुष्यात असा आवाज समोरून ऐकला नव्हता, मीही नाही. मुकादम बघेल म्हणून मध्येमध्ये दाराकडं बघत होतो. कार्ड संपत आलं तेव्हा फोन कानाला लावला. मग चाचा म्हणाले, "एकनाथ, खुर्च्या वाजतात रे त्यांच्या!" आणि थोड्या वेळानं, "दुसऱ्या ओळीत एक जण उशिरा येतोय. ऐकलंस?" कार्ड संपलं.

त्यानंतर दोन-चारदा बोललो, ते खुशालीचं. आणि मग ते तीन मिस्ड कॉल.

सुट्टी मिळेना. चाचींशी बोललो तर त्याच माझी समजूत घालत बसल्या. मुलगा कॉम्प्युटर विकायचं म्हणतोय म्हणाल्या. पाच आठवडे मी नुसता हॉलभर फिरत होतो. मग एका रविवारी सकाळी बाला म्हटलं, आज गावकी बसेल तेव्हा फोन मध्ये ठेव, आवाज मोठा करून. बा म्हणाला, "काय बोलायचंय?" म्हटलं, बोलतो तेव्हा ऐक. गावकी बसल्यावर बानं फोन मध्ये ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी खाकरलं, लांब कुठंतरी म्हैस ओरडली. मी सांगितलं. पन्नास मी म्हटलं होतं, चाचांना ठाऊकसुद्धा नव्हतं. कोट मी घातले. नावं मी लिहिली. ते माझ्यासाठी खोटं बोलले, नि पायरीखाली उभे राहिले तेव्हा मी दहा हातांवर होतो. त्यांना पन्नासवाला म्हणू नका. खांदा काढून घ्यायचा तर घ्या.

मला वाटलं, लाईन गेली. मग धोंडूअण्णांचा आवाज, आता खूप म्हातारा झालेला. "खांदा तुझ्या बाचा हाय, तुझा नाय. तो कशाला काढू? पण फोनवरचं बोललेलं देवी धरत नाय. आलास की पायरीखाली उभा राहा नि परत बोल."

"बोलेन."

"सगळं बोल. कोटाचं पण."

"हो."

कुणीतरी हसलं, बहुतेक माझा चुलत भाऊ. अण्णांनी त्याला दटावलं. मग म्हणाले, "पाच वर्सं त्या माणसाला आम्ही नको नको ते बोललो. गाणं तर रोज ऐकतोय. त्या गाण्यात तो कुठं हाय रे? त्याचा हात कुठला?"

तसं सगळीकडं त्यांचा हात आहे. पण मी सांगितलं, की सगळ्यांत खाली एक खर्जाची ओळ आहे, ती कुणाला बसवू दिली नाही त्यांनी, स्वतःच वाजवली. शेवटी बायकांचं गाणं थांबतं, व्हायोलिनी थांबतात, नगारा थांबतो, आणि ती तेवढी चार मात्रा मागं राहते. तो चाचांचा हात.

"असं काय नाय त्याच्यात," एक बाई म्हणाली. "मी गायलेय ना, माझा आवाज संपला की गाणं संपतं."

"संपत नाय, वहिनी. हाय पुढं."

"मग आम्हाला कसं ऐकू आलं नाय?"

"हा गुरव बंद करतो ना लगेच!" दुसरं कोणीतरी म्हणालं.

गुरव चिडला. "गाणं संपल्यावर बंद नाय करायचं तर काय? दुसरी कामं नायत मला?" मग सगळे एकदम बोलायला लागले आणि बानं फोन उचलून घेतला. फोन त्यानं लगेच ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात बाचे दोन मिस्ड कॉल आले. इथं माझी कामाची वेळ होती, तरी जिन्याखाली जाऊन फोन केला. वाडीत दिवेलागण झाली होती. "बोलू नको," बा म्हणाला, "ऐक." बायकांचं गाणं शेवटाला आलं होतं. ते थांबलं. व्हायोलिनी थांबल्या, माझी ओळ सवयीनं किंचित मागून थांबली. मी बटणाचा खटका ऐकायला कान आवळून धरले. खटका आला नाही. खालून तो सूर आला, सावकाश वर चढला आणि हळूहळू उतरत गेला. अंगणात कुणी बोलत नव्हतं. तो पुरता विरल्यावर गुरवाचे पाय वाजले, आणि मग त्यानं बटण दाबलं.